पहिला महिना बिनमाशांचा

“टाकी आणली, पंप लावला, मासे सोडले. आठव्या दिवशी सगळे उलटे तरंगत होते. काय चुकलं?” परसात मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवू पाहणाऱ्या वाचकांकडून मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. मासे चांगले होते, पंप चांगला होता, पाणीही दिसायला स्वच्छ होते. चूक बहुतेक वेळा एकच असते, घाई.

आपल्या जुन्या घरांत मोरीचे पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला जायचे. अ‍ॅक्वापोनिक्समध्ये माशांच्या टाकीतले पाणी असेच भाजीच्या वाफ्यात जाते, फरक एवढाच की ते पुन्हा माशांकडे परत येते. म्हणून वाटेत ते शुद्ध व्हावे लागते. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. तो त्यांनाच विषारी असतो. खडीवर वाढणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते माशांना फारसे बाधत नाही आणि रोपांना खत म्हणून चालते. नव्या संचात हे जिवाणू नसतात. ते वाढायला आपल्या हवेत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एवढे ध्यानात ठेवलेत तर पुढचे सगळे सोपे आहे.

आधी जागा, आणि तिचा भार

हा संच जमिनीवरच मांडा. गच्चीवर मांडायची इच्छा अनेकांना असते, पण आकडे पाहा. ५०० लिटरच्या भरलेल्या टाकीचे वजन अर्धा टन असते आणि ते जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर उभे राहते. एक फूट खोल ओली खडी भरली की चौरस मीटरला सुमारे ६०० किलो भार येतो. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून लेखी होकार दिल्याशिवाय गच्चीचा विचार करू नका. सोसायटीची गच्ची सामाईक असते, त्यामुळे तिथे सोसायटीची परवानगीही लागेल. भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकांची संमती आधीच कागदावर घ्या.

परसात अशी जागा निवडा जिथे सकाळचे चार-पाच तास ऊन येते आणि दुपारी सावली असते. वाफ्याला ऊन हवे, टाकीला नको. टाकीवर ऊन पडले की पाणी तापते आणि हिरवे होते. झाडाखाली मांडू नका, पाला पडून पाणी कुजते.

पहिला संच केवढा असावा

छोटा संच सोपा जाईल असे वाटते, पण उलट घडते. ५० लिटरच्या काचेच्या पेटीत एक मासा मेला तरी रात्रीत पाणी बिघडते. पाणी जितके जास्त, तितका चूक सुधारायला वेळ मिळतो. माझ्या मते ५०० लिटर हा नवशिक्यांसाठी योग्य आकडा आहे. सामान असे:

- ५०० लिटरची झाकणाची टाकी, शक्यतो पांढरी. काळी असेल तर बाहेरून पांढरा रंग द्या किंवा सावलीची जाळी बांधा.
- २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम, उभा कापून केलेले दोन वाफे. प्रत्येकी १०० लिटर, खोली सुमारे २८ सेंटिमीटर.
- पाण्यात बुडणारा पंप, खोक्यावर ताशी २००० लिटर लिहिलेला. हा आकडा उंची शून्य धरून असतो. पाणी एक मीटर वर चढवताना निम्म्यावर येतो.
- हवेचा पंप आणि दोन एअर स्टोन.
- १५ मिनिटांच्या खुंट्या असलेला टायमर, पीव्हीसी पाइप, जाळी.
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू (पीएच) तपासायचा द्रव रसायनांचा संच. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे नको. टीडीएस मीटर त्याची जागा घेऊ शकत नाही, तो अमोनिया दाखवत नाही.

ड्रम भंगारातून आणणार असाल तर त्यात पूर्वी काय होते ते विचारा. खाण्याचे तेल किंवा काकवी असेल तर चालेल. कीटकनाशक, रंग किंवा आम्ल असेल तर कितीही धुतला तरी घेऊ नका. उत्तर मिळाले नाही, तरी नको.

जोडणी करताना पितळ, तांबे आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप टाळा. तांबे आणि जस्त पाण्यात उतरतात आणि माशांना मारतात. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपल्याला चांगले म्हणून कुणी टाकीत तांब्याची पट्टी सोडतात. असे कधीही करू नका.

वाफे टाकीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे पाणी आपोआप खाली येईल. भिजलेल्या खडीसह एका वाफ्याचे वजन दोनशे किलोच्या घरात जाते, म्हणून खाली सिमेंटचे ब्लॉक रचा. लाकडी मांडणीचा भरवसा धरू नका.

पाणी वाफ्यातून भरून ओसरावे यासाठी अनेक जण बेल सायफन सुचवतात. तो सुंदर चालतो, पण त्याचा प्रवाह जुळवण्यात नवखे लोक आठवडे घालवतात. तुम्ही सोपा मार्ग घ्या. वाफ्यात एक उभा पाइप बसवा, त्याचे तोंड खडीच्या दोन इंच खाली असू द्या आणि तळाशी त्याला एक बारीक भोक पाडा. पाइपभोवती जाळीचे कवच घाला. पंप तासात १५ मिनिटे चालतो, वाफा भरतो, जादा पाणी पाइपच्या तोंडातून परत जाते. पंप थांबला की उरलेले भोकातून ओसरते आणि मुळांना हवा मिळते. मासे मोठे झाले की पंपाची वेळ तासाला ३० मिनिटे करा.

विजेचा खर्च विचारला जातो, म्हणून हिशोब देतो. ४० वॅटचा पंप दिवसाचे एकूण सहा तास आणि ८ वॅटचा हवापंप चोवीस तास चालला तर महिन्याला साधारण १३ युनिट लागतात. पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेव्हा या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. टाकीत हात घालण्याआधी पंपाचे बटण बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

खडी निवडताना

या बाबतीत महाराष्ट्र नशीबवान आहे. बाजारात मिळणारी मातीची भाजलेली गोळी हलकी असते, पण महाग पडते. देशावरचा आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात फारसा विरघळत नाही आणि खाणीवर स्वस्त मिळतो. अर्धा ते पाऊण इंची खडी मागा. दोन वाफ्यांना सुमारे ७ घनफूट लागते, म्हणजे ब्रासचा चौदावा हिस्सा. शेजारी कुणाचे बांधकाम चालू असेल तर तेवढी सहज मिळून जाईल.

आणण्याआधी मूठभर खडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर तीत चुनखडी आहे. काळ्या दगडातही कधी पांढऱ्या शिरा असतात, त्या मुद्दाम तपासा. चुनखडीची खडी पाण्याचा सामू सतत वर ठेवते आणि रोपांना लोह मिळत नाही. एकदा भरलेली खडी काढून पुन्हा भरणे हे पाठ मोडणारे काम आहे. मी ते एकदा केले आहे, म्हणून आग्रहाने सांगतो.

खडी धुवायला आळस करू नका. खाणीची भुकटी राहिली तर पंप आणि माशांचे कल्ले दोन्ही चोंदतात.

पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांना आणि जिवाणूंना, दोघांनाही मारतो. पाणी उघड्या टाकीत हवापंप लावून २४ तास ठेवले की क्लोरीन उडून जातो. बोअरचे पाणी देशावर बहुधा जड असते, सामू ७.५ ते ८.५ च्या आसपास. घाबरून त्यात आम्ल ओतू नका. जिवाणू कामाला लागले की सामू हळूहळू खाली येतो. ६.८ ते ७.२ मध्ये तो स्थिरावला की मासे, रोपे आणि जिवाणू तिघांचेही चालते. पावसाळ्यात पत्र्यावरचे स्वच्छ पाणी साठवता आले तर जड पाण्यात मिसळायला त्याच्यासारखे दुसरे नाही. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी मात्र सोडून द्या.

काही महिन्यांनी सामू ६.५ च्या खाली जाऊ लागेल. तेव्हा स्वच्छ धुतलेले शिंपले कुटून जाळीच्या पिशवीत घाला आणि पाणी पडते तिथे लटकवा.

एक रिकामा ड्रम नेहमी मुरवलेल्या, म्हणजे क्लोरीन उडालेल्या पाण्याने भरून, झाकून ठेवा. अडचणीच्या दिवशी तोच कामी येतो.

बिनमाशांचा महिना

आता मुख्य काम. जिवाणूंना अमोनिया हवा आणि तो मासे न मारता द्यायचा आहे. त्यासाठी नवसागर वापरा, रसायनशास्त्रात ज्याला अमोनियम क्लोराइड म्हणतात तो. कल्हईवाल्यांकडचा नवसागर सगळ्यांना आठवत असेल, पण तो भेसळीचा असू शकतो. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध आणा.

1. टाकीत क्लोरीन उडालेले पाणी भरा, पंप आणि हवा चालू करा. झाकण लावा किंवा बारीक जाळी बांधा. टाकीत मासे नाहीत, तेव्हा डासांना मोकळे रान मिळेल. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचे कर्मचारी घरोघरी अळ्या पाहायला येतात आणि त्या सापडल्या तर नोटीस देतात.
2. ५०० लिटरला ३ ग्रॅम नवसागर बादलीत विरघळवून घाला. लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो.
3. ओळखीतल्या कुणाकडे निरोगी माशांची जुनी टाकी असेल तर तिच्या गाळणीतला स्पंज मागून आणा आणि खडीवर पिळा. जिवाणूंचे हेच विरजण. यामुळे आठवडाभर तरी वाचतो.
4. दर दोन दिवसांनी तपासा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. मग नायट्राइट उतरू लागेल आणि नायट्रेट दिसेल. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा ३ ग्रॅम घाला.
5. संध्याकाळी ३ ग्रॅम घातले आणि दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की संच तयार झाला.

तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढून तसेच राहते आणि बरेच जण धीर सोडतात. काही बिघडलेले नसते, दुसऱ्या जातीचे जिवाणू सावकाश वाढतात. थांबा. शेण घालून काम लवकर होईल असा सल्ला मिळेल, तो मानू नका. शेणातून ई-कोलायसारखे जिवाणू येतात आणि याच पाण्यावरचा पाला तुम्ही कच्चा खाणार आहात.

मासे कोणते आणि किती

पहिले सहा महिने साधे गोल्डफिश पाळा, असे मी खाणाऱ्यांनाही सांगतो. ते काटक असतात, कुठेही मिळतात आणि शाकाहारी घरांत कुणाची हरकत नसते. पहिल्या दिवशी आठ-दहाच सोडा. आठवडाभर रोज अमोनिया तपासा. तो शून्यावर राहिला तर हळूहळू २५ पर्यंत जा. पिशवी उघडण्याआधी वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

पुढे खाण्यासाठी मासे वाढवायचे झाले तर सायप्रिनसची बोटुकली घ्या. रोहू आणि कटला तलावाचे मासे आहेत, ५०० लिटरमध्ये त्यांचे हाल होतात. माशांचे एकूण वजन १००० लिटरला १० किलोच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे तुमच्या टाकीत कमाल ५ किलो. तेवढे व्हायच्या आत आणखी एक ड्रम कापून वाफे दोनाचे चार करा.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी पक्क्या ठेवा. थाई मागूरवर देशात २००० सालापासून बंदी आहे, ‘गावठी मागूर’ म्हणून कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका. चिलापी, म्हणजे तिलापिया, पाळायला परवाना लागतो. आधी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

रोपे खाद्याच्या हिशोबाने

माशांना दिलेल्या खाद्यातूनच रोपांचे खत तयार होते. पालेभाजीच्या एका रोपाला दिवसाला साधारण २ ग्रॅम खाद्य धरा. सुरुवातीला तुमचे छोटे मासे दिवसाला १० ग्रॅम खातील, म्हणजे पाच-सहा रोपे. दोन्ही वाफे पहिल्याच दिवशी गच्च लावले की पाने पिवळी पडतात आणि लोक माशांना जास्त खाद्य टाकू लागतात. त्यातून पाणी बिघडते. दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल एवढेच तरंगते खाद्य द्या. उरले तर जाळीने काढा.

पुदिना, पालक, आंबट चुका, लेट्यूस आणि तुळस यांपासून सुरुवात करा. पुदिना तर काडी खोचली तरी येतो. टोमॅटो, मिरची, वांगे यांना जास्त खत लागते, ते सहा महिन्यांनंतर. मुळा, गाजर खडीत नको.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळते, पण ईडीटीएचे घेऊ नका, ते सामू ६.५ च्या वर टिकत नाही. डीटीपीएचे ११ टक्क्यांचे मागा आणि ५०० लिटरला ९ ग्रॅम घाला. लक्षण परत दिसेपर्यंत पुन्हा नको.

फवारणीबद्दल मी ताठर आहे आणि तुम्हीही असावे. बोर्डो मिश्रण, तंबाखूचे पाणी, साबणाचे पाणी, निंबोळी तेल यांतले काहीही वाफ्यावर नको. जमिनीतल्या भाजीला सौम्य असलेली फवारणी टाकीत उतरली की माशांना घातक ठरते. पिवळे चिकट सापळे लावा, मावा बोटाने पुसा, अळ्या वेचा. अळ्या फारच झाल्या तर बीटी ही जिवाणूजन्य पावडर चालते. एखादे रोप हातचे गेले तर ते उपटून टाका.

भारनियमन आणि ऋतू

वीज गेली तर रोपे तासन्‌तास तग धरतात, मासे नाही. उन्हाळ्यात गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी असतो. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवापंप मासे आणण्याआधी घ्या. खेड्यात राहत असाल तर ही पहिली खरेदी समजा.

मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा, हवा वाढवा, पाणी तपासा आणि मुरवलेल्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला. नायट्राइट चढलेले दिसले तर लिटरला १ ग्रॅम खडे मीठ विरघळवून घाला, तुमच्या टाकीला अर्धा किलो. माशांच्या रक्तात नायट्राइट शिरणे त्याने कमी होते.

विदर्भ, मराठवाड्यात मार्चपासूनच ५० टक्क्यांची सावलीची जाळी लावा. रोज बादलीभर पाणी उडून जाईल, ते मुरवलेल्या पाण्याने भरा. कोकणात आणि घाटमाथ्यावर प्रश्न उलटा असतो, धो धो पावसाने टाकी भरून मासे वाहून जातात. जादा पाण्याच्या पाइपला जाळी लावा आणि वाफ्यांवर प्लास्टिकचे छप्पर करा. निफाडकडच्या थंडीत मासे खायचे कमी करतात, खाद्यही कमी करा. खंड्या आणि वंचक बगळ्याला टाकी दिसली की ते रोज येतील. त्यांना इजा करणे गुन्हा आहे, टाकीवर जाळी ताणणे पुरते.

तयार संच विकत घेताना

“आम्ही सगळे बसवून देतो, भाजी आणि मासे आम्हीच विकत घेऊ” अशा जाहिरातींबद्दल बरीच विचारणा होते. एवढ्याशा संचातून घरची भाजी आणि मोठा आनंद मिळतो, पण उत्पन्नाचे साधन म्हणून त्याकडे पाहू नका. कर्ज काढून तर मुळीच नको. घ्यायचाच असेल तर:

- जीएसटी क्रमांकासह पक्के बिल आणि पंपाची लेखी हमी घ्या.
- उत्पन्नाचा जो आकडा तोंडी सांगितला जातो, तो लिहून मागा. लिहून देत नसतील तर तिथेच थांबा.
- किमान एक वर्ष चालू असलेला संच त्यांच्या जुन्या ग्राहकाकडे जाऊन, विक्रेता सोबत नसताना पाहा.

फसवणूक झालीच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. जाहिरातीचे कात्रण, संदेश आणि पावत्या जपून ठेवा.

अनुदानाबद्दल: २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद आहे. ती ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना असते. तुमचा संच त्यात बसतो का, अर्ज सध्या चालू आहेत का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातूनच कळेल. लेखी मंजुरी हातात येण्याआधी केलेल्या खरेदीवर मदत मिळेल असे धरून चालू नका. ‘अनुदान मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला आगाऊ पैसे देऊ नका.

थांबावेसे वाटले तर

बदली होते, आजारपण येते, आवड बदलते. तेव्हा मासे ओढ्यात, विहिरीत किंवा गणपतीच्या घाटावर सोडून मोकळे होऊ नका. बाहेरून आलेला सकर मासा उजनीच्या जलाशयात शिरल्यापासून तिथल्या मच्छीमारांची जाळी फाटत आहेत. मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा मत्स्यालयाच्या दुकानदाराला द्या. टाकीतले पाणी आंब्याच्या किंवा नारळाच्या आळ्यात ओता, त्याला ते उत्तम. खडी धुऊ नका. ओलीच गोणीत भरून त्याच दिवशी नवा संच मांडणाऱ्या कुणाला दिलीत, तर त्यांचा बिनमाशांचा महिना दहा-पंधरा दिवसांवर येईल.